‘कारणं नको, किती नग गेले ते सांग’: निकालाच्या मागे लागलेला साहेब समजून घेताना

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत शिफ्ट सुटायच्या वेळी कुठल्याही चहाच्या टपरीवर थोडा वेळ उभं राहा, साहेबाचा विषय निघतोच. “ऐकूनच घेत नाही राव”, “तोंडावर बोलतो, चार लोकांत बोलतो”, “त्याला फक्त आकडा पाहिजे, माणूस मेला काय जगला काय”. आणि याच साहेबाबद्दल त्याच टपरीवर दुसरा कोणीतरी म्हणतो की काही म्हण, पण तो आल्यापासून डिस्पॅच वेळेवर जातोय आणि पगारवाढीचं पण तोच वर भांडून आणतो. दोन्ही खरं असतं. मी क्वालिटीत काम करते, म्हणजे प्रॉडक्शनच्या साहेबांशी रोज गाठ, आणि नवीन पोरंपोरी जॉइन झाली की पहिल्या महिन्यात त्यांची सगळ्यात जास्त दमछाक कामाने होत नाही, अशा एका साहेबाने होते. म्हणून हा स्वभाव नेमका काय असतो, कुठून येतो, त्याच्याशी बोलायचं कसं आणि त्याचा खरा धोका कुठे आहे हे जरा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी करू, कारण तिथेच सगळा घोळ होतो. आपण ज्याला “कडक साहेब” म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे ठामपणा, मनात आहे ते सरळ बोलणं, मीटिंगमधे पुढे होऊन सूत्रं हातात घेणं. दुसरी म्हणजे निकालाची ओढ, ठरलेलं काम ठरलेल्या वेळेत झालंच पाहिजे ही आतली टोचणी. आणि तिसरी म्हणजे राग, आवाज चढणं, समोरच्याला खाली दाखवणं. आपल्याला तिघी एकाच माणसात दिसल्या की वाटतं ही एकच गोष्ट आहे, पण तसं नाही.

मानसशास्त्रात स्वभाव मोजायची आज जी सगळ्यात भरवशाची पद्धत मानतात तिला बिग फाइव्ह म्हणतात. त्यात स्वभावाचे पाच मोठे पैलू धरलेत: नव्या गोष्टींची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घ्यायची वृत्ती आणि भावनिक चढउतार. प्रत्येक पैलूच्या पोटात छोटे छोटे भाग आहेत. आता गंमत बघा, ठामपणा येतो बहिर्मुखतेच्या पोटात, निकालाची ओढ येते काटेकोरपणाच्या पोटात आणि चटकन भडकणं येतं भावनिक चढउतारात. म्हणजे तीन गोष्टींची तीन वेगळी घरं. त्यामुळे एखादा माणूस प्रचंड निकालवाला असूनही अजिबात आवाज न चढवणारा असू शकतो, आणि एखादा नुसताच ओरडणारा असतो ज्याला निकालाशी फारसं घेणंदेणं नसतं. आपल्या आसपास दोन्ही नमुने आहेत, आठवून बघा. हे एकदा लक्षात आलं की “साहेब रिझल्टवाले आहेत म्हणून ओरडतात” हे वाक्य आपोआप सैल पडतं. ओरडणं हा निकालाचा भाग नाहीये, ते वेगळं आहे आणि ते बदलता येतं.

कंपन्यांमधे मात्र ट्रेनिंगला गेलं की बिग फाइव्हपेक्षा डिस्क नावाचा स्वभाव-चाचणीचा प्रकार जास्त ऐकायला मिळतो, चार अक्षरं, डी, आय, एस, सी, त्यातला “डी”, म्हणजे डॉमिनन्स, वरचढपणा, तो आपला हा साहेब. याच्या मागची गोष्ट रंजक आहे. विल्यम मार्स्टन नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९२८ साली एक पुस्तक लिहून साध्यासुध्या, आजारी नसलेल्या माणसांच्या वागण्याचे चार प्रकार मांडले. त्याची कल्पना सोपी होती. माणसाला आजूबाजूची परिस्थिती आपल्या बाजूची वाटते का विरोधातली, आणि त्या परिस्थितीपुढे स्वतः बलवान वाटतो का दुबळा, यावर तो कसा वागेल हे ठरतं. ज्याला परिस्थिती विरोधात वाटते पण आपण तिच्यापेक्षा भारी आहोत असंही वाटतं तो अडथळ्यावर चालून जातो, ढकलतो, तोच हा “डी”. मार्स्टन माणूस पण अवलिया, रक्तदाबावरून खोटं पकडायच्या प्रयोगांमधे त्याचं नाव आहे आणि वंडर वुमन हे कॉमिकमधलं पात्र पण त्याचंच, १९४१ मधलं. पण त्याने स्वतः कुठली टेस्ट बनवली नव्हती. प्रश्नावल्या पुढे इतरांनी तयार केल्या, १९५०च्या दशकात वॉल्टर क्लार्कपासून ते सुरू झालं.

मार्स्टनची ती मूळ कल्पना मला अजूनही उपयोगाची वाटते, कारण ती साहेबाच्या डोक्यात काय चालतं ते दाखवते. आपल्याला जे नुसतं सोमवारचं शेड्यूल दिसतं ते त्याला अंगावर आलेलं दिसतं. मशीन बंद पडू शकतं, मटेरियल उशिरा येऊ शकतं, दोन माणसं लग्नाला जाऊ शकतात, आणि तरी आपण हे पार पाडणार आहोत अशी त्याची खात्री असते. म्हणून तो सकाळपासून अडथळे शोधतच फिरतो. तुम्ही त्याला “सर, जरा अडचण आहे” म्हणता तेव्हा त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, अडथळा दिसतो आणि तो त्याच्यावर तुटून पडतो, मधे तुम्ही उभे असता म्हणून तुम्हाला लागतं.

पण डिस्कचा शिक्का मारून घेऊ नका आणि मारू पण नका. माणसं चार खोक्यांत बसत नाहीत, बहुतेक जण मिश्र असतात, घरी एक, कामावर एक, आणि नोकरीत घ्यायचं का नाही हे ठरवायला तर ही टेस्ट वापरूच नये असं ती विकणारे काही जण पण सांगतात. पत्रिकेत मंगळ आहे म्हणून पोरगी तापट असं ठरवून टाकतात ना, तसं “मी डी आहे, मी असाच बोलणार” हे वाक्य मी ट्रेनिंगनंतर लोकांच्या तोंडून ऐकलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. टेस्टने फक्त कल कळतो, वागायची मोकळीक मिळत नाही.

आता रोजच्या मीटिंगचं बघू, कारण नव्या माणसाचं पहिलं पाणी तिथेच जोखलं जातं. सकाळी नऊची प्रॉडक्शन मीटिंग, सगळे उभे, बोर्डवर कालचा प्लॅन आणि कालचा ॲक्च्युअल. साहेब एका पार्टबद्दल विचारतात, “हाउसिंग किती?” आणि नवा सुपरवायझर सुरू करतो, “सर काल काय झालं, सेकंड शिफ्टला लाइट गेली होती, मग ते कंप्रेसरचं प्रेशर येत नव्हतं, मेंटेनन्सला फोन केला तर ते म्हणाले...” साहेबांचा चेहरा बदलतो. “मी काय विचारलं?” पोरगा गडबडतो, पुन्हा पहिल्यापासून लाइट. तिसऱ्या वाक्याला साहेबांचा आवाज चढतो, “कारणं नको, किती नग गेले ते सांग.” पोराला वाटतं आपल्याला चार लोकांत पाडलं. साहेबांना वाटतं हा लपवतोय.

इथे आपल्या बोलण्याच्या सवयीचा मोठा वाटा आहे. आपण कुठलीही अडचण गोष्टीसारखी सांगतो, आधी काय झालं, मग काय झालं, आणि शेवटी निकाल, कारण तसं सांगणं आपल्याला सभ्य वाटतं, आपण प्रयत्न केले हे समोरच्याला कळावं असं वाटतं. निकालवाल्या माणसाला हेच उलटं लागतं. त्याच्या डोक्यात एक रिकामी जागा असते, आकड्याची, ती भरेपर्यंत त्याला दुसरं काही ऐकूच जात नाही. “सर, ८०० पैकी ६२० झाले, १८० कमी, आज फर्स्ट शिफ्टमधे भरून निघतील” एवढं आधी बोललात की तोच माणूस शांतपणे विचारतो, “का रे, काय झालं होतं?” आणि मग लाइट, कंप्रेसर, मेंटेनन्स सगळं ऐकून घेतो. मी हे इतक्या वेळा बघितलंय की नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगते, आधी आकडा, मग पुढचं काय, मग कारण.

आणि दुसरी सवय म्हणजे “होऊन जाईल सर”. नाशकात काय, अख्ख्या महाराष्ट्रात हे चालतं, मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही म्हणून आपण होऊन जाईल, बघतो, करून टाकू असं म्हणतो आणि मनात म्हणत असतो की जमलं तर जमेल. घरात, नातेवाइकांत हे समजून घेतलं जातं, काकांना पण माहीत असतं की याचा अर्थ कदाचित. साहेब ते शब्दशः घेतो. त्याने कस्टमरला फोन करून गाडी कबूल केलेली असते, आणि संध्याकाळी पाच वाजता कळतं की होऊन गेलेलं नाहीये. त्याच्या रागातला मोठा भाग नग कमी झाल्याचा नसतो, उशिरा कळल्याचा असतो. सकाळी दहाला “सर, आज पाचपर्यंत हजार नाही होणार, सातशे होतील, उरलेले उद्या सकाळी अकराला” असं सांगितलं तर दोन मिनिटं बोलेल, पण गाडी पुढे-मागे करायला त्याच्या हातात दिवस असतो. नाही म्हणायला हरकत नाही, पण नाही सोबत एक पर्याय आणि एक वेळ पाहिजे. हा माणूस पर्यायावर लगेच येतो, कारण निवडायचं काम त्याला आवडतं आणि सूत्रं त्याच्या हातात राहतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर पण तसंच. “सर प्रॉब्लेम झालाय, कॉल करा” हा मेसेज टाकू नका, याने त्याचं डोकं आधीच तापतं. (पुढच्या मेसेजमधे सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, इन्सर्ट म्हणजे कापायचं पातं, ऑफसेट म्हणजे पात्याच्या जागेचं मशीनला द्यायचं माप, बोअर म्हणजे नगातलं भोक आणि लाल बिन म्हणजे नापास नगांचा डबा.) असा टाका: “हाउसिंग, सीएनसी ३. इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट चुकला, बोअर मोठा. ४० नग लाल बिनमधे वेगळे केले, मशीन पुन्हा सेट केलंय, पहिला नग ओके. चारच्या गाडीला ४० कमी पडतील. उद्याच्या लॉटमधून द्यायचे का ओव्हरटाइम लावायचा, सांगा.” यात काय झालं, किती झालं, आता काय स्थिती आहे आणि त्याच्याकडून काय हवंय हे सगळं आहे. याला उत्तर पण एका ओळीत येतं, बहुतेक वेळा “ओटी लाव”.

इथपर्यंत आपण साहेबाशी जुळवून घ्यायचं बोललो. पण मला जे खरं सांगायचंय ते पुढे आहे आणि ते साहेबांनी वाचावं असं फार वाटतं. निकालाच्या मागे लागलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा तोटा त्याचा स्वभाव लोकांना आवडत नाही हा नाहीये. लोक सहन करतात, नोकरी आहे, हप्ते आहेत. मोठा तोटा हा आहे की त्याच्यापर्यंत वाईट बातमी पोचायची बंद होते. आणि ज्याला निकाल पाहिजे त्याला वाईट बातमी सगळ्यात आधी पाहिजे, म्हणजे त्याचा स्वभावच त्याच्या निकालाचा घास घेतो.

एका कंपनीत घडलेलं सांगते. थर्ड शिफ्ट, रात्री दोनच्या सुमाराला ऑपरेटरने इन्सर्ट बदलला, ऑफसेट देताना चूक झाली, बोअर मोठा यायला लागला. बोअर छोटा असला तर पुन्हा कापून बरोबर करता येतो, मोठा झाला की नग गेला, भरून येत नाही. नो-गो गेज, म्हणजे भोक बरोबर असेल तर आत न जाणारं माप, आत जायला लागलं तेव्हा त्या ऑपरेटरला कळलं. त्याने सेटरला उठवलं. सेटर म्हणाला, आत्ता लिहिलंस तर सकाळी नऊला बोर्डसमोर तुझी आणि माझी दोघांची धुलाई, आधीच आठवड्याचं रिजेक्शन वर गेलंय. ऑफसेट बरोबर केला, पुढचे नग ओके निघाले, आणि मधले नग? ते बिनमधे खाली गेले, वरून चांगले टाकले. कोणी वाईट हेतूने केलं नाही, सकाळ टळावी एवढंच. ते नग चाकणला कस्टमरच्या लाइनवर सापडले. मग इथून माणसं गाडी घालून सॉर्टिंगला पाठवली, तिथला अख्खा स्टॉक एकेक नग तपासला, डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचा कागद, आली, आणि पुढचे कित्येक दिवस प्रत्येक लॉट शंभर टक्के तपासून पाठवावा लागला. रात्री दोनला कळलं असतं तर चाळीस-पन्नास नग भंगारात गेले असते आणि विषय संपला असता.

चौकशीत सगळे विचारत होते की ऑपरेटरने का लपवलं. मला वाटतं विचारायला पाहिजे होतं की नऊच्या मीटिंगमधे असं काय होतं की दोन शहाणी, अनुभवी माणसं रात्री दोन वाजता तिला एवढी घाबरली.

यावर अभ्यास झालेला आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला, औषधं देताना होणाऱ्या चुका बघितल्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीममधे चुका कमी सापडतील. सापडलं उलटं, चांगलं वातावरण असलेल्या टीममधे चुकांची नोंद जास्त. त्यांनी खोलात जाऊन बघितलं तर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. जिथे मुख्य नर्स कडक, शिक्षा करणारी, तिथे कागदावर सगळं छान. हे वाचलं तेव्हा मला आपल्या प्लांटमधले ते हिरवे बोर्ड आठवले, सगळे चार्ट हिरवे आणि कस्टमरकडून कम्प्लेंट येतच आहेत. सगळं हिरवं दिसायला लागलं की निकालवाल्या साहेबाने खूश व्हायच्या आधी एकदा थांबून विचार करावा.

टोयोटाने हेच फार आधी ओळखलं होतं. त्यांच्या लाइनवर अँडनची दोरी असते, काही चुकतंय असं वाटलं की साधा कामगार पण ती ओढतो, टीम लीडर धावत येतो, आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. आपल्याकडे पण आता बऱ्याच लाइनवर अँडन दिवे लागलेत, पण दिवा लावणं सोपं आहे. लाल दिवा लागल्यावर येणारा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो यावर ठरतं की उद्या तो दिवा कोणी लावेल का नाही. “कोणी केलं हे?” विचारलं तर संपलं. “काय झालंय, दाखव” म्हटलं तर पुढच्या वेळी पण लागेल.

मग ठामपणा कमी करायचा का? नाही, आणि हे पण नीट समजून घ्या. डॅनियल एम्स आणि फ्रँक फ्लिन या दोघांनी २००७ साली यावर संशोधन छापलं. सहकाऱ्यांना विचारलं की तुमच्या वरिष्ठांत काय कमी पडतं, तर ठामपणाचा उल्लेख सगळ्यात जास्त वेळा आला, आणि दोन्ही बाजूंनी आला, काहींचा साहेब फार दाबणारा, काहींचा फार मवाळ. मवाळ साहेबाचं लोकांशी गोड असतं पण कामं अडतात, टीमसाठी तो वर भांडत नाही, मशीन मागत नाही, कस्टमरला नाही म्हणत नाही, आणि शेवटी रविवारी कामावर यावं लागतं ते टीमलाच. दाबणाऱ्याचं काम होतं पण माणसं तुटतात. मधे चांगला पट्टा आहे. मवाळ साहेबाच्या हाताखाली काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, तिथे दिवस गोड जातो आणि महिनाअखेर वाईट जातो.

आणि काही कामं अशी असतात की तिथे हाच स्वभाव पाहिजे. आपल्याकडचा द्राक्षाचा सीझन बघा. जानेवारी ते एप्रिल, दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या पट्ट्यात पॅकहाउसमधे काय धावपळ असते. मण्यांची साइज, ब्रिक्स म्हणजे गोडी, औषधांच्या अंशाचा रिपोर्ट सगळं जुळलेलं, कंटेनर बुक झालेला, आणि हवामान खात्याचा मेसेज येतो की दोन दिवसांत पाऊस. मणी तडकले की एक्स्पोर्टचा माल लोकल भावात जातो, शेतकऱ्याचं वर्षाचं कष्ट आहे त्यात. आता तिथे बसून सगळ्यांचं मत घेत बसणारा माणूस चालत नाही. कोणती बाग आज तोडायची, कुठली थांबवायची, मजुरांची टोळी कुठून आणायची, प्रीकूलिंगची खोली कोणाला आधी द्यायची, हे अर्ध्या तासात ठरवणारा आणि ठरवलं की मागे न बघणारा माणूस लागतो. तिथे त्याचं तोडून बोलणं कोणालाच खुपत नाही, कारण सगळ्यांना घाई दिसत असते. हाच माणूस मे महिन्यात ऑफिसमधे बसून त्याच आवाजात स्टेशनरीबद्दल बोलायला लागला की खुपतं. घाई कोणती खरी आणि कोणती सवयीची, हे ओळखायला या स्वभावाच्या लोकांना सगळ्यात जड जातं.

आपल्या बाजूने पण एक चूक होते, आपण सगळं स्वभावावर ढकलतो. समाजमानसशास्त्रात हे जुनं निरीक्षण आहे, ली रॉस यांनी १९७७ मधे त्याला नाव दिलं, दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण त्याचा स्वभाव मोठा धरतो आणि त्याची परिस्थिती लहान. तुम्हाला दिसतो नऊच्या मीटिंगमधला साहेब. तुम्हाला न दिसलेला भाग म्हणजे आठ वाजता आलेला कस्टमरचा फोन, की अकरापर्यंत गाडी पोचली नाही तर आमची लाइन थांबेल आणि त्याचे पैसे तुमच्याकडून कापू, आणि मग मालकांचा फोन. याने ओरडणं बरोबर ठरत नाही, पण तुमचं मन थोडं हलकं होतं आणि डोकं चालायला लागतं. एखादा साहेब डिस्पॅचच्या आठवड्यातच भडकतो आणि एरवी बरा असतो, तर तो स्वभाव कमी आणि दबाव जास्त. बाराही महिने, घरच्या विषयावर पण, वॉचमनशी पण तसाच, तर मग स्वभाव.

तब्येतीचं पण थोडक्यात सांगते कारण अशा साहेबांच्या घरची माणसं काळजीत असतात. फ्रीडमन आणि रोझनमन या दोन अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांनी १९५९ मधे मांडलं की सतत घाईत, स्पर्धेत असणाऱ्या माणसांना, ज्यांना पुढे टाइप ए म्हणायला लागले, हृदयविकार जास्त होतो. पुढच्या अभ्यासांत ते सरसकट टिकलं नाही. त्यातल्या त्यात धोक्याचा भाग निघाला तो शत्रुत्वाची भावना, म्हणजे मनात सतत लोकांबद्दल राग आणि संशय. कामाची ओढ तेवढी घातक नाही. पुन्हा तेच, निकाल वेगळा आणि राग वेगळा.

एका विषयावर मात्र मला जास्त बोलायचंय. वर सगळीकडे मी साहेब साहेब लिहिलं, पण मॅडम असली तर? तीच वाक्यं, तोच आकडा, तोच सरळपणा. साहेब बोलले तर “कडक आहेत पण कामाचे”. मॅडम बोलल्या की “खडूस आहे”, “घरचा राग इथे काढते”, “फार शहाणी समजते”. हे फक्त आपल्याकडचं नाही, ठाम बोलणाऱ्या बाईला तिच्या हुशारीबद्दल मार्क मिळतात पण आवडण्याचे कापले जातात हे लॉरी रुडमन यांच्या १९९८ च्या आणि नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि मार्क कापणाऱ्यांत बायका पण असतात. लाइनवर एखादी क्वालिटीची पोरगी लॉट होल्ड करते तेव्हा तिच्या हातात तेच रिजेक्शनचं टॅग असतं जे पुरुष इन्स्पेक्टरच्या हातात असतं, पण तिला दहा मिनिटं जास्त वाद घालावा लागतो, कोणीतरी “ताई, जरा ॲडजस्ट करा ना” म्हणतं, आणि तिने दुसऱ्यांदा नाही म्हटलं की ती भांडखोर ठरते. मीटिंगमधे बसलेल्या बाकीच्यांनी इथे बोललं पाहिजे. “तिने मोजलंय, लॉट होल्ड” एवढं वाक्य शेजारच्या माणसाने उच्चारलं तरी पुरतं.

आता सहन किती करायचं. आकडा विचारणं, तारीख मागणं, पुन्हा पुन्हा फॉलोअप घेणं, काम परत करायला लावणं, तोंडावर “हे चुकलंय” म्हणणं, हे सगळं कामाचा भाग आहे, मनाला लावून घेऊ नका. शिवीगाळ, आईबापावर जाणं, जातीवरून बोलणं, सगळ्यांसमोर नक्कल करणं, नोकरीची धमकी देऊन चुकीच्या कागदावर सही करायला लावणं, हा कुठल्याच स्वभावाचा भाग नाही, कितीही निकाल येत असले तरी. तारीख-वेळेसकट लिहून ठेवा, साक्षीदार कोण होतं ते लिहा, एचआरला लेखी द्या. बाईच्या बाबतीत लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आपल्या कंपनीची समिती कोणाकोणाची आहे हे आजच विचारून ठेवा, गरज पडायची वाट बघू नका.

आणि तुम्ही स्वतः असे असाल तर, म्हणजे घरी पण तुम्हाला “हळू बोल” म्हणत असतील, दुसऱ्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करत असाल, रांगेत उभं राहिलं की आतून चिडचिड होत असेल, तर तुमची ताकद घालवायची काही गरज नाही. मीटिंगमधे तुमचं मत सगळ्यात शेवटी सांगा, कारण तुम्ही आधी बोललात की बाकीचे मान डोलावतात आणि त्यांना माहीत असलेलं त्यांच्याकडेच राहतं. चूक सांगायला कोणी आला तर पहिला प्रश्न नगाबद्दल विचारा, माणसाबद्दल नंतर, एकट्यात. आणि जो रात्री दोनला फोन करून वाईट बातमी देतो त्याचं नाव नऊच्या मीटिंगमधे घ्या, सगळ्यांसमोर, की याने रात्री लॉट थांबवला म्हणून आज आपली गाडी वाचली. मी एका प्रॉडक्शन हेडना हे करताना बघितलंय, आवाज त्यांचा आजही मोठा आहे, अजूनही कारणाआधी आकडाच विचारतात, पण त्यांच्या लाइनवर लाल बिन झाकलेलं नसतं आणि थर्ड शिफ्टचे ऑपरेटर त्यांना थेट फोन लावतात. त्यांच्याकडे रिजेक्शनचा आकडा सुरुवातीला वाढला होता, मालकांनी विचारलं पण होतं, तेव्हा ते एवढंच म्हणाले की आधी पण एवढंच होतं साहेब, आता लिहिलं जातंय.